घर जागेवर राहिलं पाहिजे

आमच्या गल्लीत बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागे. घराच्या पुढे आणि मागे लूमचे, म्हणजे कापड विणायच्या मागांचे, कारखाने होते, आणि तो खटखट खटखट आवाज सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात शिरलेला असायचा. नवा पाहुणा आला की पहिला दिवस कपाळ धरून बसे, दुसऱ्या दिवशी त्यालाही काही वाटेनासं होई. आम्हाला तो आवाज कळायचा तो बंद पडल्यावर. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असे, किंवा मधेच वीज जाई, आणि एकदम घरातलं सगळं ऐकू यायला लागे. घड्याळाची टिकटिक, भाताला आलेला कढ, खाटेवर पडलेल्या बाबांचा श्वास. एरवी त्या आवाजाच्या आडोशाला बाबा आणि मी दिवसचे दिवस काही न बोलता राहू शकायचो, आणि ते कुणाला जाणवायचंही नाही. शुक्रवारी जाणवायचं. म्हणून ताई गेल्यापासून मला शुक्रवार नकोसा झाला होता.

ताई म्हणजे सुनंदा, माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून मला पाढे म्हणायला लावण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. गल्लीकडच्या खिडकीत तिचं शिलाई मशीन असायचं. ब्लाउज शिवता शिवता ती गल्लीतल्या प्रत्येक माणसावर काहीतरी बोलायची, आणि तेही लूमच्या वर आवाज काढून, त्यामुळे ज्याच्यावर बोललं त्याला हमखास ऐकू जायचं. मागच्या कारखान्यात शिवपूजन नावाचा लूम चालवणारा होता, उत्तर प्रदेशातला, अबोल. तो आपले सदरे शिवायला टाकायला येई. ताई फक्त ब्लाउज शिवते हे त्याला ठाऊक होतं, तरी येई. एका दुपारी बाबा ड्युटीवर असताना ताई त्याच्याबरोबर सुरतेला निघून गेली. जाताना मला म्हणाली, "वैजू, बाबांचा भात जरा सैल ठेव, त्यांना कोरडा चालत नाही." मला वाटलं ती बाजारात निघालीय.

बाबा सायझिंगमध्ये कामाला होते. सुताला कांजी चढवून ते कडक करतात तो कारखाना, त्याला आमच्याकडे सायझिंग म्हणतात. घरी येत तेव्हा त्यांच्या कोपरापर्यंत कांजीचा पांढरा थर वाळलेला असे. त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्यांना सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील, काहीतरी फेकतील. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, आणि म्हणाले, "आजपासून तिचा इषय या घरात न्हाय." बस, तेवढंच. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकलं. पडघ्याच्या पलीकडच्या आमच्या गावाहून आत्या आली, ती रडली, बोलली, परत गेली. मग घरात आम्ही दोघंच. रात्री तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, नाहीतर वालाचं बिरडं. बाबा जेवताना ताटाकडे बघत, मी बाबांकडे. "मीठ बरं हाय?" असं मीच विचारायचे, कारण काहीतरी आवाज व्हावा. ते मान हलवायचे.

बारावीनंतर मी कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागले. मंडईजवळ एका कापडाच्या दुकानावर तो क्लास होता. आमच्या गल्लीतली शबाना जाते म्हणून बाबांनी मलाही जाऊ दिलं. शिकवायला अन्सारी सर होते. ते निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलत, आणि कुणी चुकलं की रागवायच्या ऐवजी स्वतःच जीभ चावत. तिथं एसीच्या गारव्यात, बूट-चपला बाहेर काढून आम्ही वेब पेज बनवायला शिकलो. मला ते आवडलं त्याचं कारण फार साधं होतं. त्या यंत्राला काही सांगितलं की ते लगेच उत्तर द्यायचं. चुकलं तरी काहीतरी दाखवायचंच.

ताईचा पहिला फोन क्लासवरच आला. तिला शबानाकडून नंबर मिळाला होता. "वैजयंती, तुम्हारा फोन," सर म्हणाले. मी रिसीव्हर कानाला लावला आणि पलीकडून लूमचा आवाज आला. क्षणभर वाटलं आपल्याच गल्लीतून कुणी बोलतंय. "वैजू, मी गं," ताई म्हणाली. मग तिनं विचारलं, "घर कसं आहे?" बाबा कसे आहेत असं विचारायची तिची हिंमत झाली नसावी. मी म्हणाले, "आहे तसंच आहे." तिचं बाळ तेव्हा पोटात होतं. ते तिनं फोन ठेवता ठेवता सांगितलं.

पुढे ती अधूनमधून दुपारी फोन करू लागली, आणि प्रत्येक वेळी घराचंच विचारायची. मोरीचा नळ गळतो का अजून? कोनाड्यातला गणपती तिथंच आहे ना? फोनवर किती सांगणार! त्याच सुमाराला सरांनी प्रोजेक्ट करायला सांगितला. एक चित्र घ्यायचं, त्याच्या वेगवेगळ्या भागांवर क्लिक केलं की वेगवेगळी पानं उघडली पाहिजेत. बाकीच्यांनी भारताचा नकाशा घेतला. शबानानं वज्रेश्वरी, गणेशपुरी, पडघा असा आपल्या भागाचा नकाशा काढला. मी आमचं घर काढलं. छप्पर उचलून वरून बघितलं तर दिसेल तसं, स्केचपेननं रंगवून. स्वयंपाकाचा ओटा, मोरी, कोनाडा, बाबांची खाट, खिडकी. शबानाच्या भावाकडून कॅमेरा आणून एकेका जागेचे फोटो काढले. बाबांना म्हणाले, क्लासचं काम आहे. त्यांचा फोटो घेताना मी "बाबा" अशी हाक मारली, त्यांनी वर बघितलं आणि मी बटण दाबलं. स्टुडिओवाल्यानं सगळं स्कॅन करून फ्लॉपीवर दिलं. मग चित्रावर बाण फिरवत एकेका जागेचे आकडे टिपायचे, म्हणजे इथून इथपर्यंत ओटा, इथून इथपर्यंत खाट, आणि प्रत्येक चौकोनाला सांगायचं की तुझ्यावर क्लिक झालं की हा फोटो उघड. मी अभ्यासात कधी एवढी रमले नव्हते. फुकट जागा देणाऱ्या एका वेबसाइटवर ते पान चढवलं आणि ताईला फोनवर एकेक अक्षर सांगून पत्ता लिहून घ्यायला लावला.

तिचा फोन आला तो रडवेला. "वैजू, घर जातं गं!"

"कुठं जातं?"

"मी ओट्यावर बोट ठेवते, म्हणजे ते क्लिक करते, ओटा येतो. पण घर जातं. मग मला मोरी बघायची असली तर कुठून जाऊ? ती फुली दाबली की सगळंच बंद होतं. इथल्या सायबर कॅफेतल्या माणसाला दर वेळी बोलवायची लाज वाटते."

परत जायचा बाण कुठं असतो ते मी समजावलं, पण ज्या बाईनं जन्मात माऊस धरला नव्हता तिला फोनवरून काय कळणार. मी सरांना विचारलं. त्यांनी जीभ चावली. "बेटा, टार्गेट नहीं लिखा तुमने. टार्गेट म्हणजे लिंक कुठे उघडायची ते. ते सांगितलं नाही तर जे उघडं आहे त्याच्याच डोक्यावर उघडणार ना?" चित्रातल्या प्रत्येक चौकोनाला हे वेगळं सांगता येतं, हेही त्यांनीच दाखवलं. मी सगळ्या चौकोनांना नवी विंडो उघडायला सांगितलं. आता घर जागेवर राहील असं वाटलं. राहिलंही, पण ताई प्रत्येक जागा दोन-दोनदा बघे, त्यामुळे तिच्या पडद्यावर विंडोंची एवढी गर्दी झाली की ते मशीनच अडकलं. सायबर कॅफेवाला तिच्यावर खेकसला. ती पुढं कितीतरी दिवस तिकडं फिरकलीच नाही. ते दिवस मला फार जड गेले. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी मनात तिच्याशी बोलायचे, तीही उत्तरं द्यायची, पण ती सगळी माझीच असत.

मग सरांनी मला पानाचे दोन भाग करायला शिकवलं. डाव्या भागात घराचं चित्र कायम राहणार, उजवा भाग रिकामा. त्या रिकाम्या भागाला नाव द्यायचं आणि चित्रातल्या प्रत्येक चौकोनाला ते नाव सांगायचं, म्हणजे फोटो बरोबर त्या भागात उघडतो. मी त्या भागाचं नाव इंग्रजी अक्षरांत 'खोली' असं ठेवलं. ताईला ते जमलं. डावीकडे घर, उजवीकडे ओटा. डावीकडे घर, उजवीकडे मोरी. "वैजू, आता कसं घरात फिरल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. तेव्हा तिला मुलगा झाला होता. त्या सायबर कॅफेवाल्यानंच तिचा बाळाला हातात घेतलेला फोटो मला ईमेलनं पाठवून दिला. माणूस वाईट नसावा. मी तो खिडकीच्या चौकोनाला जोडला. खिडकीचा फोटो नुसता रिकाम्या खिडकीचा होता, मशीनही गेलेलं. खरं सांगायचं तर ते मी ताईसाठी केलं नव्हतं. क्लासमध्ये बसल्या बसल्या खिडकीवर क्लिक केलं की ती मला दिसायची, म्हणून केलं होतं.

एक चूक मात्र राहून गेली होती. बाबांच्या खाटेच्या चौकोनात 'खोली' लिहिताना एक एल जास्त पडला होता. तशा नावाचा भाग पानात नव्हताच, त्यामुळे तेवढा एक फोटो नव्या विंडोत उघडायचा. ताईनंच ते सांगितलं.

"बाबा वेगळेच उघडले. घर दिसतच नाही, सगळा पडदा भरून तेच."

"चुकलंय माझं. उद्याच दुरुस्त करते."

"नको," ती घाईनं म्हणाली. मग पलीकडून नुसताच लूमचा आवाज येत राहिला. "राहू दे तसंच. बाजूला दुसरं काही नसलं की ते माझ्याकडेच बघतायत असं वाटतं."

आता सगळे एकमेकांना फोनवर चालते-बोलते बघतात. माझ्या घरातली पोरं एकीकडे जेवत असतात आणि दुसरीकडे अमेरिकेतल्या माणसाशी भांडत असतात. बघायला मिळणं ही केवढी गोष्ट होती हे त्यांना सांगून कळणार नाही, आणि मी सांगतही नाही.

कोर्स संपत आला तेव्हा सरांनी सगळ्यांच्या पालकांना क्लास बघायला बोलावलं. मी घरी काही सांगितलंच नाही. पण शबाना सकाळी नळावर बाबांना म्हणाली, "काका, आज हमारा प्रोग्राम है, तुम्ही नाही येणार?" आणि दुपारी, सगळ्यांचे आईवडील धुतलेले कपडे घालून बसलेले असताना, बाबा थेट ड्युटीवरून आले. हातांवर कांजी तशीच. चपला बाहेर काढून ते दाराशी उभे राहिले. सर पुढे झाले, त्यांना हाताला धरून माझ्या कॉम्प्युटरपाशी घेऊन आले आणि खुर्चीत बसवलं.

"काका, बघा तुमच्या मुलीनं काय बनवलंय. सबसे अलग."

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. "ह्ये तं आपलं घर," ते म्हणाले.

"लीजिए, खुद करके देखिए." सरांनी त्यांच्या हाताखाली माऊस दिला. बाबांनी तो कबुतर धरावं तसा अलगद धरला. बाण चित्रावरून भलतीकडेच पळू लागला, मग सावकाश त्यांच्या आटोक्यात आला. तो खाटेवर आला तेव्हा बाणाचा हात झाला. "हात झाला," बाबा म्हणाले, आणि सरांनी सांगितलं तसं बटण दाबलं. पडदाभर बाबाच उघडले, मी हाक मारल्यावर वर बघणारे. ते दचकले. "घर कुटं गेलं?"

"मागंच आहे, बाबा," मी म्हणाले आणि ती विंडो बंद करून दाखवली. घर जागेवर होतं.

मला तिथंच थांबवायचं होतं. सरांना सांगायचं होतं की पुढे शबानाचा नकाशा दाखवा. पण बाबांना आता त्यात गोडी वाटू लागली होती. त्यांनी ओटा उघडला, कोनाडा उघडला, मोरी उघडली, आणि प्रत्येक वेळी डावीकडे बघून घर आहे ना याची खात्री केली. मग बाण खिडकीकडे निघाला. मी "बाबा" म्हणाले, पण त्यांचं सगळं लक्ष पडद्यावर होतं. त्यांनी दाबलं.

तेव्हाचं इंटरनेट काय, फोटो वरून खाली सरकत सरकत यायचा. आधी सुरतेच्या कुठल्याशा भिंतीचा निळा रंग आला. मग ताईचे केस, कपाळ, डोळे. मग तिच्या हातातलं बाळ, मूठ तोंडात घातलेलं. डावीकडे आमचं घर आणि उजवीकडे ताई, एकाच काचेत. बाबांचा हात माऊसवर तसाच राहिला. सरांना घरातलं काही माहीत नव्हतं. ते वाकून कौतुकानं म्हणाले, "अरे वा! ये कौन है?"

मी बाबांकडे बघितलंच नाही. जमिनीकडे बघत उभी राहिले. आता ते उठतील, निघून जातील, उद्यापासून क्लास बंद, हेही बंद, असं एकामागून एक डोक्यात येत होतं.

"माजी मोठी पोरगी," बाबा म्हणाले. मग बाळाकडे बोट करून, "आनि तिचा पोरगा."

घरी येताना ते पुढे आणि मी मागे. कारखान्यांची पाळी बदलत होती, रस्त्यात माणसांची गर्दी होती. नाक्यावर ते थांबले, मला बरोबर येऊ दिलं, आणि विचारलं, "ह्ये तिला तिकडं दिसतं का?" मी हो म्हणाले. "सगलं?" "सगळं, बाबा." रात्री जेवताना ताटाकडेच बघत होते. मी मीठ बरं आहे का विचारलं, त्यांनी मान हलवली.

काही आठवड्यांनी आम्ही नवा पंखा बसवला. बसवणारा माणूस गेल्यावर बाबा खाटेवर पडून त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्यो टाकला का तिकडं?" मला आधी कळलंच नाही. "तिकडं, त्या घरात," ते म्हणाले. मी पंखा टाकला. नंतर त्यांचा चष्मा टाकला, गावाहून आलेली तांदळाची गोण टाकली, ओट्याला लावलेल्या नव्या लाद्या टाकल्या. ताईकडून बाळाचे फोटो येत, ते मी खिडकीला जोडत असे, आणि बाबा महिन्यातून एखादा शुक्रवार माझ्याबरोबर क्लासला येऊन खिडकीवर क्लिक करत. मी तोवर तिथंच नव्या मुलींना शिकवायला लागले होते. ताईचं नाव त्यांनी घरात तरीही काढलं नाही. ताईही फोनवर बाबांशी बोलायचं म्हणत नसे. ती विचारायची, "पंखा आवाज करतो का?" आणि बाबा विचारायचे, "दात आलं का त्याला?" दोघंही मलाच विचारायचे. मी इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे नेत होते, त्यात मला आनंदही होता, पण माझं म्हणून कुणाला काही विचारावंसं वाटत नव्हतं. आत्यानं एक स्थळ आणलं होतं, ते लोक बघून गेले आणि नाही म्हणाले. हे मी ताईला सांगितलं नाही, आणि बाबा त्यावर कधी बोलले नाहीत. ते सगळं त्या लूमच्या आवाजात विरून गेलं.

ताई आली ती मुलगा चालायला लागल्यावर. कळवून वगैरे नाही. शुक्रवार होता, गल्ली शांत होती, दारात चपलांचा आवाज झाला. शिवपूजन भाऊजी बाहेरच उभे राहिले होते, मान खाली घालून. बाबा खाटेवरून उठले. ताई आत येईना. तो पोरगाच तिचा हात सोडून आत आला, थेट खाटेपाशी गेला आणि बाबांच्या लेंग्याला धरून उभा राहिला. बाबांनी त्याला उचललं. मग दाराकडे बघून म्हणाले, "उबं का तिकडं? आत या दोगं." रडारड झाली नाही. आमच्या घराला ते जमत नव्हतं. थोड्या वेळानं बाबा नातवाला कडेवर घेऊन भाऊजींना म्हणाले, "चला, जरा नाक्यापरेंत," आणि तिघंही बाहेर पडले.

मी भात टाकायला आत आले होते. चार माणसांचा अंदाज येईना, म्हणून तांदूळ परत परत हातात घेऊन बघत होते. ताई मागून आली. पदर खोचून ओट्यापाशी बसली. मला वाटलं ती लाद्यांना हात लावेल, नळ बघेल, इतके महिने ज्यांचे फोटो बघितले ते सगळं खरंच आहे का ते तपासेल. तिनं कशाकडेच बघितलं नाही.

"वैजू," ती म्हणाली, "तुझं काय चाललंय?"

मी म्हणाले, "बरं चाललंय." मग म्हणाले, "एक स्थळ आलं होतं." आणि मग मी थांबलेच नाही. स्थळाचं सांगितलं, ते लोक जाताना काय बोलले ते सांगितलं, शिकवायला उभी राहिले त्या पहिल्या दिवशी माझंच स्पेलिंग कसं चुकलं ते सांगितलं, ताप आला होता तेव्हा स्वतःच पेज करून प्यायले ते, शुक्रवारी घरात कसं वाटतं ते. ताई मधे मधे फक्त "मग?" म्हणत होती. बोलता बोलताच मी भात चढवला होता, केव्हातरी तो करपल्याचा वास येऊ लागला. बाहेरून बाबांचा आवाज आला, "वैजे, भात लागला वाटतं." आम्हा दोघींनाही तो वास कळला होता. ताईनं हात लांब करून गॅस बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, मग?"